गप्प बसणं जमलं, ठरवणं जमता जमेना

आमच्या अंबाजोगाईत रविवारी सकाळी सात-आठ जण एका पत्र्याच्या खोलीत तासभर गप्प बसतात हे आता गल्लीत सगळ्यांना माहीत झालंय, पण ते तिथं नेमकं काय करायलेत हे कुणालाच कळत नाही, त्यामुळं मला भाजी घेतानासुद्धा कुणीतरी अडवून विचारतंच. कुणाला वाटतं विपश्यना, कुणाला ब्रह्माकुमारी, आणि माझ्या सासूबाईंना तर सुरुवातीला पक्कं वाटायचं की हे धर्मांतराचंच काहीतरी आहे. "गप बसायला घर काय कमी हाय का," असं त्या म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर घरात गप्प बसायला मिळतंय कुणाला. तर हे क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या पद्धतीचं बसणं आहे, एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी विचारलं की मोबाईलवर हेच पाठवून देता येईल.

हे सगळं सरांपासून सुरू झालं. सर हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, रिटायर होऊनही आता बरीच वर्षं झाली. तरुणपणी त्यांना कुणीतरी सांगितलं की मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात पोरांना पाठांतर न करायला लावता नुसत्या प्रयोगातून विज्ञान शिकवायलेत, तर हे इटारसीपर्यंत रेल्वेनं जाऊन बघून आले. तो कार्यक्रम १९७२ ला १६ शाळांत सुरू झालेला, किशोर भारती ही संस्था आणि तिथल्याच रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोघांनी मिळून. आता हे रसूलियाचं सेंटर क्वेकर लोकांचं. सर गेले होते प्रयोगाचं किट बघायला, पण तिथं एका सकाळी सगळे मिळून गप्प बसले आणि सरही त्यांच्यात बसले, ते त्यांच्या डोक्यात राहिलं ते राहिलंच. त्याच सेंटरात पुढं नांगरणी न करता शेती करायचा प्रयोगही चालला, ऋषी-खेती म्हणायचे त्याला, सरांनी तोही गावाकडच्या वावरात करून बघितला आणि त्यांच्या वडलांनी किती दिवस त्यांना जेवायला हाक मारली नाही, तो वेगळा विषय.

क्वेकर म्हणजे कोण तर थोडक्यात असं, की सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स नावाचा माणूस सांगत फिरला की देवाशी बोलायला मधी पुजारी, पाद्री कुणी लागत नाही, प्रत्येकाच्या आत देवाचा उजेड आहेच, गप्प बसा आणि ऐका. हे लोक स्वतःला फ्रेंड्स म्हणवतात. कोर्टात शपथ घ्यायचे नाहीत कारण माणसानं एरवीही खरंच बोललं पाहिजे, मग शपथेपुरतं वेगळं खरं कशाला. मोठ्या माणसापुढं टोपी काढायचे नाहीत. लढाईवर जायचे नाहीत. यापायी हजारो जण तुरुंगात गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या क्वेकरांच्या मदत संस्थांना मिळालं, हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणल्या गप बसल्याचं नोबेल देतेत का आता. आपल्याकडं सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाचं काम केलेल्या मार्जरी साइक्स या पण क्वेकरच, सर त्यांचं नाव फार आदरानं घेतात.

आणि सगळेच क्वेकर गप्प बसतात असंही नाही बरं का. जगात सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत आणि तिथं पाळक असतो, प्रवचन असतं, जोरात गाणी असतात. आपल्या बुंदेलखंडात छतरपूरकडंही फ्रेंड्सची तशीच चर्च आहेत. म्हणजे आम्ही करतो ती एक तऱ्हा झाली. आम्ही तर कागदोपत्री क्वेकरही नाहीत. ब्रिटनमध्ये सभासद व्हायचं तर अर्ज करावा लागतो, मग बहुतेक वेळा दोघं जण येऊन तुमच्याशी निवांत बोलून जातात आणि त्यांचं ऐकून मीटिंग, म्हणजे तिथली क्वेकर मंडळी, ठरवते. इथं कोण कुणाकडं अर्ज करणार. आम्ही आपले बसतो.

आता बसणं. सरांच्या घरावर गच्चीत पत्र्याची खोली आहे, तिथं नीलकमलच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, म्हणजे पुढं कुणी नाही मागं कुणी नाही. मधी स्टुलावर तांब्यात शेवंतीची नाहीतर जास्वंदीची फुलं. आधी सिस्टरनं बायबल आणून ठेवलं, मग काकांनी ज्ञानेश्वरी आणली, मग महावितरणमधला जो पोरगा येतो त्यानं विचारलं की मी काय आणू, तर काकू म्हणल्या फुलंच राहू द्या. काकू म्हणजे सरांच्या मिसेस. सिस्टर म्हणजे रिटायर नर्स, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिश्चन घर त्यांचं. काका वारकरी, दोन्ही गुडघे गेलेले, टाळ-मृदंगाशिवाय देवाचं काही असू शकतं यावर त्यांचा अजूनही विश्वास नाही, पण येतात. पोरगा बौद्ध, विपश्यनेची शिबिरं केलेला. मी पतसंस्थेत हिशेब लिहिते, आणि आणखी एक नवरा-बायको आहेत ते येतात-जातात.

पहिल्यांदा बसले तेव्हा पाच मिनिटं बरं वाटलं आणि मग डोक्यात दूधवाल्याचा हिशेब, लेकीची फी, मशीनला लावलेले कपडे, नणंदेनं दिवाळीत काय म्हणलं होतं ते, सगळं रांगेनं यायला लागलं. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे यावर काही नियम नाही, मंत्र नाही, श्वासावर लक्ष ठेवा असंही कुणी सांगत नाही. नुसतं बसायचं आणि वाट बघायची. कशाची वाट, तर तेही कुणी सांगत नाही, याचा मला लई राग यायचा. पोरग्यानं एकदा नीट समजावलं, की विपश्यनेत प्रत्येक जण आपापल्या मनावर काम करतो, शेजारी शंभर माणसं असली तरी, इथं मात्र सगळे मिळून एकच ऐकायलेत, आणि जे येईल ते तुझ्यासाठी नसेल, समोरच्यासाठी असेल. हे पटायला मला वेळ लागला.

बाहेर शांतता असते असं समजू नका. घंटागाडीचं गाणं असतं, कुकरच्या शिट्ट्या असतात, टँकर रिव्हर्स घेत असतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नळ. आमच्याकडं धनेगावच्या मांजरा धरणातून पाणी येतं ते रोज येत नाही, आणि ज्या रविवारी ते नेमकं त्या तासात येतं त्या रविवारी खालून कुणीतरी ओरडतं "पाणी आलं", की खोलीतल्या प्रत्येकाच्या अंगातून करंट गेल्यासारखं होतं. बसून राहायचं की पळायचं. शेवटी ठरलं की ज्याला जायचंय त्यानं उठून जावं, माफी मागू नये, परत येऊन बसावं. काकू तर हंडे भरून पदराला हात पुसत येतात आणि त्याच खुर्चीत बसतात, जशा काही गेल्याच नव्हत्या. मला विचाराल तर त्या आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या साधक आहेत.

कधी कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर उभं राहून बोलायचं, थोडक्यात, आणि बसायचं. त्यावर उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही, वा वा पण नाही. काकांना हे जमायला फार दिवस लागले, कुणी काही बोललं की ते जोरात "बरोबर हाय" म्हणायचे, कीर्तनात बसल्यासारखं. बरेच रविवार तर कुणीच काही बोलत नाही. एकदा सिस्टर उठल्या आणि म्हणल्या, रात्रपाळीला पेशंट झोपला की आम्ही काही न करता नुसतं त्याच्या श्वासाकडं कान देऊन बसायचो, काही करायचं नसायचं पण उठून जाताही यायचं नाही, मला इथं तसं वाटतं. एवढं बोलून बसल्या. त्या दिवसापासून मी कशाची वाट बघायची हे विचारणं सोडून दिलं.

तास संपला की क्वेकर लोक शेजाऱ्याशी हात मिळवतात, म्हणजे झालं असा अर्थ. आमच्याकडं बायका-पुरुषांनी हात मिळवायचं काही जमेना, त्यामुळं आता रामराम, जय भीम, सलाम आणि नमस्कार असं चारी बाजूंनी चालतं. मग चहा आणि काकूंचं सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात ते. गल्लीतल्या काही पोरांचा समज आहे की आम्ही सुशीलासाठीच बसतो, आणि काकांच्या बाबतीत मी खात्री देऊ शकत नाही.

हे झालं बसणं. ते जमलं कसंतरी. खरी परीक्षा झाली ठरवायची वेळ आली तेव्हा.

क्वेकरांत मतदान नसतं. कुठलाही निर्णय, मग ते छप्पर दुरुस्त करायचं असू दे नाहीतर युद्धाला विरोध करायचं, तसंच शांत बसून घेतात. अध्यक्ष नसतो, क्लार्क असतो, पण त्याला अधिकार काही नाही, त्यानं फक्त सगळ्यांचं ऐकून मीटिंग कुठं पोचलीय ते ओळखायचं, तिथल्या तिथं लिहायचं आणि वाचून दाखवायचं. सगळ्यांनी मान्य केलं, निदान कुणी आडवं आलं नाही, तरच ते लिहिलेलं खरं. मी ज्या पतसंस्थेत आहे तिथं मीटिंगचं इतिवृत्त मीटिंगच्या आदल्या दिवशी टाईप होऊन तयार असतं, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर, लोक येतात, सह्या करतात, वडापाव खाऊन जातात. त्यामुळं मला हे ऐकूनच हसू आलं होतं.

झालं असं की उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसणं म्हणजे भट्टी. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस तापमान, कूलर लावला तर त्याचाच आवाज टँकरपेक्षा मोठा. ही गोष्ट कुणाकडून तरी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यापर्यंत गेली आणि त्याचा माणूस निरोप घेऊन आला, की साहेब तुम्हाला हॉल बांधून द्यायलेत, स्लॅबचा, फॅन-बिन सगळं, फक्त संस्था रजिस्टर करा आणि बाहेर साहेबांच्या नावाची पाटी राहील. काका तर खूश. त्यांचं म्हणणं, अख्ख्या तालुक्यात प्रत्येक मंदिरापुढं असाच सभामंडप झालाय, आपण काय पाप केलं. सिस्टरना पण पाहिजे होता, त्यांना ऊन सोसत नाही. मलाही पाहिजे होता, मी लपवत नाही.

मग बसलो ठरवायला. क्लार्क म्हणून आधी सर होते पण सरांना फळ्यासमोर उभं राहायची सवय, ते दोन वाक्यं ऐकून दहा वाक्यं समजावून सांगायचे, म्हणून सगळ्यांनी हळूच काकूंना वही दिली. पद्धत अशी, की एकानं बोलायचं, मग थोडा वेळ गप्प, मग दुसऱ्यानं. सगळ्यांचं एकदा होईपर्यंत कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. आणि आधीच्याला खोडायचं नाही, आपल्याला काय दिसतंय तेवढंच सांगायचं. कागदावर हे लई छान दिसतं. प्रत्यक्षात काका बोलताना पोरग्याचा पाय हलत होता आणि पोरगा बोलताना काका छताकडं बघत होते.

पोरगा म्हणाला मला साहेबांच्या पैशाची अडचण नाही, पैसा तर आपल्याच टॅक्सचा आहे. माझी अडचण रजिस्टरची आहे. सोसायटी रजिस्टर करायला १८६० च्या कायद्यानं किमान सात माणसं लागतात, आपण सगळे मिळून जेमतेम तेवढेच आहोत. म्हणजे आपल्यातला प्रत्येक जण पदाधिकारी होणार. अध्यक्ष कोण, सचिव कोण, ते आत्ताच सांगा.

यावर जी शांतता पसरली ती काही उपासनेची नव्हती. नंतर कळलं की प्रत्येकाच्या डोक्यात त्या क्षणी एक नाव होतं आणि बहुतेकांच्या डोक्यात ते स्वतःचंच होतं. ते येऊन-जाऊन असणारे नवरा-बायको, जे एरवी कधी बोलत नाहीत, त्यातले मिस्टर म्हणाले की सचिवपद मला चालेल. काकूंनी पेनाचं झाकण लावलं आणि म्हणल्या, जरा बसू या. पंधरा-वीस मिनिटं बसलो, काही निघालं नाही, तर त्यांनी लिहिलं "आज ठरलं नाही, पुढच्या महिन्यात परत," आणि वाचून दाखवलं. मला वैताग आला. एवढा वेळ घालवून ठरलं काय तर ठरलं नाही.

पुढच्या वेळी सरांनी धीर द्यायला म्हणून अमेरिकेची गोष्ट सांगितली. पेनसिल्व्हेनियात खुद्द क्वेकरांकडं गुलाम होते. १६८८ ला जर्मनटाऊनच्या काही जणांनी पहिल्यांदा लिहून दिलं की हे चूक आहे. वरच्या मीटिंगांनी ते बाजूला ठेवून दिलं. पुढं जॉन वुलमनसारखी माणसं गुलाम ठेवणाऱ्यांच्या घरी जाऊन जाऊन समजावत राहिली, आणि शेवटी १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मीटिंगनं ठरवलं की गुलाम ठेवणारा आमचा सभासद राहू शकत नाही. बघा, सर म्हणाले, मत न टाकता, कुणाला न हरवता, धीरानं ठरलं.

नियम मोडून पोरगा लगेच बोलला. "सर, ही अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली. मालक लोक शांत बसून विचार करायलते तवर गुलामांनी काय करायचं?" आणि मग म्हणाला, जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, गुलामी संपवली म्हणून. ती संपली तेव्हा किती रक्त सांडलं ते तुम्हीच आम्हाला शाळेत शिकवलं.

सरांना उत्तर नव्हतं आणि त्यांनी द्यायचा प्रयत्नही केला नाही, हे मला त्यांचं आवडलं. माझं आजही मत आहे की त्या खोलीत बोललं गेलेलं सगळ्यात खरं वाक्य तेच. सगळे मिळून ठरवू, कुणाला दुखवायला नको, हे म्हणायला ज्याचं काही अडलेलं नसतं त्याला सोपं जातं. काकूंनी हॉलचा विषय बाजूला ठेवून आधी तेच लिहिलं, की कुठलाही निर्णय लांबवायचा असेल तर त्या उशिराची किंमत कोण भरतंय हे आधी विचारायचं. वाचून दाखवलं. काका सुद्धा "बरोबर हाय" म्हणाले आणि या वेळी कुणी त्यांना हटकलं नाही.

मग हॉलला तेच लावून बघितलं. उशिराची किंमत कोण भरतंय, तर सिस्टर. त्यांचं बीपी, त्यांना ऊन सोसत नाही. हे इतका वेळ सगळ्यांना माहीत होतं पण आम्ही बोलत होतो पाटीवर आणि पदांवर. सिस्टरना विचारलं तुम्हाला नेमकं काय पाहिजे, तर त्या म्हणल्या मला हॉल नको गं, सावली पाहिजे, आणि एवढे जिने चढायला नकोत. अर्ध्या तासात चित्र बदललं. उन्हाळ्याचे तीन महिने सकाळी साडेसहाला बसायचं, खाली अंगणात, वरून शेतात लावतात ती हिरवी शेडनेट बांधायची. हॉलला नको म्हणून कळवायचं. संस्था रजिस्टर करायची नाही.

काकूंनी लिहून वाचलं आणि विचारलं, सगळ्यांना चालतंय का. काका म्हणाले, "मला पटत न्हाई. फुकटचा हॉल सोडायला आपण काय सावकार लागून गेलो का. पण मी आडवा येत न्हाई. असंच लिवा." आणि काकूंनी तसंच्या तसं लिहिलं, काकांच्या नावासकट. मी इतकी वर्षं इतिवृत्तं लिहितेय, न पटलेल्या माणसाचं न पटणं इतक्या नीट लिहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आमच्याकडं असा माणूस असला तर त्या दिवशी तो "अनुपस्थित" असतो.

बाकी फार गोड करून सांगत नाही. ते मिस्टर-मिसेस त्यानंतर येईनासे झाले, सचिवपद गेलं म्हणून की साडेसहाला उठवत नाही म्हणून, माहीत नाही. पुढाऱ्याचा माणूस दोनदा येऊन गेला, त्याला हे पटेचना की हॉल नको म्हणणारी माणसं असतात, तो म्हणाला मग दुसऱ्या पार्टीकडून घ्यायलाव का. अंगणात मच्छर आहेत. आणि मला स्वतःला अजूनही वाटतं की फॅन असलेली एक खोली भाड्यानं बघायला पाहिजे, ते मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे, वर्गणीचा हिशेबही काढून ठेवलाय.

पण त्याच्या आधी दुसराच विषय आलाय. पोरग्याचं लग्न ठरलंय. रजिस्टर तर ते स्पेशल मॅरेज अॅक्टखाली करणारेत, तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, ते सगळं रीतसर. पण सोहळा म्हणून त्याला क्वेकरांसारखं पाहिजे, म्हणजे सगळ्यांनी शांत बसायचं, दोघांनी मनात येईल तेव्हा उठून एकमेकांना वचन द्यायचं आणि मग हजर असलेल्या प्रत्येकानं, लेकराबाळांनी सुद्धा, त्या कागदावर सही करायची. पोरगी तयार आहे. त्याच्या आईला मात्र विहारात, भंतेजींसमोर, त्रिशरण-पंचशील म्हणून लग्न पाहिजे, आणि तीनशे माणसांना जेवण. आम्ही एकदा बसलो यावर. काकूंनी लिहिलं, आधी आईंना बोलवावं आणि त्यांचं ऐकावं. त्या येत्या रविवारी येणारेत आणि त्यांनी पोराजवळ निरोप धाडलाय, की येते पण मी काही गप बसणार नाही.